हर्नियाचं ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी जायचंय, तर भूल कोणती घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या आठवड्याच्या यादीत हर्निया असतोच, आणि त्यातले बरेचसे पेशंट सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणारे असतात. सर्जन कोण, जाळी कुठली, खर्च किती, याची चौकशी घरच्यांनी महिनाभर केलेली असते. भुलेचा विषय मात्र स्ट्रेचरवर आडवं झाल्यावर निघतो: "मॅडम, पूर्ण देणार का अर्धी?" त्या क्षणी नीट बोलायला वेळ नसतो, आणि पेशंटचं मनही थाऱ्यावर नसतं. म्हणून ते बोलणं इथे आधीच करून ठेवते आहे. यातलं बहुतेक सगळं मोठ्या माणसांच्या जांघेतल्या हर्नियाबद्दल, म्हणजे अंतर्गळाबद्दल आहे. लहान मुलांचं वेगळं असतं, ते पुढे येईल.

"पूर्ण", "अर्धी" आणि "जागेवरची" म्हणजे नेमकं काय?

जागेवरची भूल म्हणजे लोकल. जिथे चीर घ्यायची तिथेच कातडीत, तिच्याखालच्या थरांत आणि जांघेतल्या नसांभोवती औषध टोचतात. तेवढा भाग बधिर होतो. तुम्ही जागे असता, किंवा शिरेतून थोडं औषध देऊन गुंगीत ठेवलेले असता.

अर्धी म्हणजे स्पायनल. कमरेत, मणक्याच्या दोन हाडांमधून बारीक सुई घालून आतल्या पाण्यात औषध सोडतात. पाच-दहा मिनिटांत पोटापासून खाली सगळं बधिर आणि जड होतं, पाय हलत नाहीत.

पूर्ण म्हणजे जनरल. शिरेतून औषध दिलं की झोप लागते, श्वासासाठी घशात मास्क किंवा नळी बसवतात, आणि ऑपरेशन संपलं की औषध बंद करून उठवतात.

याशिवाय नसांचे ब्लॉक असतात. सोनोग्राफीत बघून पोटाच्या भिंतीतल्या थरांमध्ये औषध सोडतात. हर्नियात हे बहुतेक वेळा नंतरचं दुखणं कमी करण्यासाठी, वरच्या एखाद्या प्रकाराच्या जोडीला देतात.

यातली सगळ्यात चांगली कुठली?

सगळ्यांसाठी एकच चांगली अशी कुठलीच नाही, पण तुमच्यासाठी योग्य अशी एखादी नक्की असते. ती शोधताना मी पाच गोष्टी बघते. ऑपरेशन उघडं, म्हणजे जांघेत चीर घेऊन, आहे की दुर्बिणीतून. हर्निया केवढा आहे आणि आत ढकलला जातो का. तुमचं हृदय, फुप्फुसं, प्रोस्टेट आणि चालू असलेल्या गोळ्या. सर्जनचा हात कशावर बसलेला आहे. आणि पाचवी, जी फार कमी वेळा विचारली जाते: संध्याकाळी तुम्ही कुठे आणि कोणाबरोबर जाणार आहात.

रुग्णालयात तीन दिवस राहणाऱ्या पेशंटला स्पायनलनंतर सहा तास लघवी झाली नाही, तर नळी घालून प्रश्न सुटतो. संध्याकाळी पाचला घरी जायचं असेल तर तेच सहा तास सगळा दिवस बिघडवतात. त्यामुळे दिवसभराच्या ऑपरेशनसाठी भूल निवडताना, पेशंट स्वतःच्या पायाने चालत, थोडं खाऊन आणि लघवी करून किती लवकर निघेल, याला मी बरंच वजन देते.

दुर्बिणीतून करायचं ठरलंय. मग पर्याय आहे का?

फारसा नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आत कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करावी लागते. त्याने पोट ताणलं जातं, छातीचा पडदा वर ढकलला जातो, खांदा दुखतो. स्नायू सैल आणि श्वास ताब्यात हवा असतो. त्यामुळे पूर्ण भूलच सोयीची. स्पायनलवर दुर्बिणीची हर्निया-ऑपरेशनं झालेली आहेत, पण त्याच दिवशी घरी जाणाऱ्या पेशंटसाठी मी तो मार्ग सुचवत नाही.

दोन्ही बाजूंचा हर्निया, किंवा पूर्वी उघडं ऑपरेशन होऊन पुन्हा झालेला हर्निया असेल, तर दुर्बिणीचे फायदे खरे आहेत. पण कोणाला हृदयाचा मोठा त्रास आहे, म्हणून पूर्ण भूल टाळायची आहे, आणि तरीही दुर्बीणच हवी, असं एकत्र बसत नाही. तिथे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांशी एकदम बोलावं लागतं.

लोकलमध्ये खरंच दुखत नाही?

कापल्याचं दुखत नाही. ओढल्याचं आणि दाबल्याचं जाणवतं. हा फरक आधी सांगितला नाही तर पेशंट पहिल्या ओढीलाच घाबरतो आणि त्याला वाटतं की भूल लागलीच नाही.

सुरुवातीचं टोचणं आणि थोडी आग होते, मुंगी चावल्यासारखी. मग सर्जन थराथराने औषध देत पुढे जातात. जांघेत मुख्यतः तीन नसा महत्त्वाच्या असतात, त्यांच्याभोवती औषध पोचलं की पुढचं सोपं होतं. हर्नियाची पिशवी मोकळी करताना ती पोटाच्या आतल्या पडद्याला ओढते, तेव्हा पोटात गलबलल्यासारखं, ओढल्यासारखं होतं. तेवढी एक-दोन मिनिटं अवघड असतात. पिशवीच्या मानेपाशी थोडं औषध दिलं, आणि मी शिरेतून गुंगीचं एखादं औषध वाढवलं, की ते निभतं. उरलेला वेळ पेशंट चक्क गप्पा मारतात. कोणी शेतातल्या उसाबद्दल सांगतं, कोणी मुलीच्या लग्नाबद्दल.

एक मोठा उपयोग असा की जागा असलेला पेशंट टेबलवरच खोकून दाखवू शकतो. दुरुस्ती पक्की बसली का, हे सर्जनला तिथल्या तिथे दिसतं.

हा काही नवा प्रयोग नाही. कॅनडात टोरांटोजवळचं शोल्डाइस रुग्णालय १९४५ पासून हर्नियाचंच काम करतं आहे आणि त्यांची पद्धत लोकल व गुंगी अशीच आहे. जाळी लावून, ताण न देता हर्निया दुरुस्त करण्याची पद्धत रुजवणारे लॉस एंजेलिसचे डॉ. लिक्टेनस्टाइन हेही लोकलचेच पुरस्कर्ते. आपल्या पुण्याचंही यात नाव आहे. इथले सर्जन डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीऐवजी पोटाच्या भिंतीतल्या स्नायूच्या पडद्याचीच एक पट्टी वापरून हर्निया दुरुस्त करण्याची पद्धत मांडली. २००१ मध्ये ती वैद्यकीय नियतकालिकात आली आणि पुढे परदेशातही वापरली गेली. उघडं ऑपरेशन असल्याने तीही लोकलमध्ये करता येते.

लोकल चांगलं असल्याचा पुरावा काय? की ही फक्त तुमची आवड?

माझी आवड आहेच, लपवत नाही. पण पुरावाही आहे. स्वीडनमधल्या १० रुग्णालयांत ६१६ पेशंटना चिठ्ठी टाकल्यासारखं तीन गटांत वाटून लोकल, स्पायनलसारखी अर्धी भूल आणि पूर्ण भूल यांची तुलना केली गेली. २००३ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लोकलच्या गटात पेशंट लवकर घरी गेले, सुरुवातीचं दुखणं कमी होतं आणि लघवीचा त्रासही कमी होता. हर्नियाबद्दलच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही म्हटलं आहे की, आत जाणाऱ्या हर्नियाचं उघडं ऑपरेशन असेल आणि सर्जनला लोकलचा सराव असेल, तर लोकल घ्यावं.

त्या वाक्यातली सरावाची अट मात्र विसरू नका.

मग सगळीकडे लोकलच का देत नाहीत?

कारण ते सर्जनच्या हाताचं काम आहे. स्पायनल दिलं की पेशंटचं पोट सैल, पाय निश्चल, सर्जनला घाई करता येते, शिकाऊ डॉक्टरला शिकवता येतं. लोकलमध्ये हात हलका लागतो. थांबत थांबत, औषध मुरायला वेळ देत, पेशंटच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवत काम करावं लागतं. आपल्याकडे बहुतेक सर्जन स्पायनलवर हर्निया शिकलेले असतात, त्यात त्यांचा हात बसलेला असतो, आणि स्पायनल स्वस्त आणि भरवशाचंही आहे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

पण यातून तुमच्यासाठी एक गोष्ट निघते. सर्जनना विचारा: "तुम्ही लोकलमध्ये हर्निया नेहमी करता का?" उत्तर "क्वचित" असं आलं, तर तुमच्या हट्टाखातर त्यांना लोकलमध्ये करायला लावू नका. सराव नसलेल्या हाताच्या लोकलपेक्षा सराव असलेल्या हाताचं स्पायनल शंभर पटीने बरं. आणि उत्तर "हो, नेहमी" असं आलं, तर तुम्हाला चांगला पर्याय आहे हे नक्की.

लोकल कोणाला नको?

ज्याचा हर्निया अंडकोषात खूप खाली उतरलेला आणि मोठा आहे. ज्याचा अडकलेला आहे. खूप वजन असलेल्या माणसाला, कारण चरबीच्या जाड थरांत औषध खूप लागतं आणि औषधाला मर्यादा असते. लहान मुलं. सांगितलेलं समजत नाही किंवा स्थिर पडून राहता येत नाही असे पेशंट, उदाहरणार्थ वयानुसार विसरभोळेपणा फार वाढलेले आजोबा. आणि जे मनापासून घाबरलेले आहेत ते. घाबरणं हे खरं कारण आहे, त्याची लाज वाटू देऊ नका.

मर्यादेचं थोडं सविस्तर सांगते, कारण "जरा जास्त द्या ना, म्हणजे दुखणार नाही" असं सर्रास म्हटलं जातं. अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं नेहमीचं औषध, वजनाच्या दर किलोला साधारण ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याच्या औषधाचे ४२ मिलिलिटर. अ‍ॅड्रेनलिन नसेल तर दर किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे निम्म्याहून कमी. बरोबर ब्युपिव्हकेन हे जास्त वेळ टिकणारं औषध मिसळलं तर दोघांचा भार एकत्र धरावा लागतो. याहून जास्त रक्तात गेलं की ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, आणि पुढे झटके किंवा हृदयाचे ठोके बिघडणं इथपर्यंत जाऊ शकतं. म्हणून टेबलवर असं काहीही वाटलं तर लगेच बोला. आणि म्हणूनच "फक्त लोकल आहे" म्हणून भूलतज्ज्ञ, मॉनिटर आणि शिरेतली सुई यांना सुट्टी देऊ नये. गरज पडली तर आम्हाला त्याच टेबलवर पूर्ण भूल देता आली पाहिजे.

कमरेत इंजेक्शन घेतलं की पाठ जन्मभर दुखते म्हणतात.

हा प्रश्न मला रोज येतो, आणि बहुतेक वेळा तो पेशंटच्या बायकोचा असतो, कारण तिच्या सिझेरियनच्या वेळी तिला स्पायनल दिलेलं असतं आणि तेव्हापासून तिची कंबर दुखते आहे. तिचं दुखणं खरं आहे. पण त्याची कारणं गरोदरपणात सैल झालेले सांधे, बाळाला उचलणं, वाकून करायची कामं, कमी पडलेला व्यायाम अशी असतात. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकू शकतं. कायमची पाठदुखी स्पायनलमुळे होते असं आढळलेलं नाही.

मज्जारज्जूला सुई लागण्याची भीतीही असते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आम्ही त्याच्या खाली सुई घालतो.

जे खरंच होऊ शकतं ते डोकं दुखणं. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपलं तर उठून बसलं की डोकं आणि मान जबर दुखते, आडवं झालं की उतरते. १८९८ मध्ये जर्मनीत डॉ. ऑगस्ट बीअर यांनी स्पायनलची सुरुवात केली, तेव्हा स्वतःवर प्रयोग करून पाहिला आणि पुढचे कित्येक दिवस याच डोकेदुखीने ते अंथरुणात होते. आता २५ ते २७ नंबरच्या केसासारख्या सुया आणि पेन्सिलीसारखं टोक असलेल्या सुया मिळतात, त्यामुळे हे पुष्कळ कमी झालं आहे. तरी तरुण पेशंटमध्ये ते जास्त दिसतं. ही डोकेदुखी बहुधा दुसऱ्या दिवशी, म्हणजे तुम्ही घरी गेल्यावर सुरू होते. म्हणून "बसलं की दुखतं, झोपलं की थांबतं" एवढं लक्षात ठेवा आणि फोन करा. पाणी, कॉफी, गोळ्यांनी बहुतेकांचं जातं. राहिलंच तर त्यावर वेगळा उपाय आहे.

स्पायनल घेऊन त्याच दिवशी घरी जाता येतं का?

येतं. पण वाट बघायची तयारी हवी. आपल्याकडे नेहमी वापरतात ते 'हेवी' ब्युपिव्हकेन पूर्ण मात्रेत दिलं तर पाय दोन-तीन तास जड राहतात, आणि लघवीवरचा ताबा त्याहूनही उशिरा परत येतो. मूत्राशय भरतं पण भरल्याचं कळत नाही. साठीच्या पुढच्या पुरुषात प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडकण्याची शक्यता आणखी वाढते, आणि हर्नियाचे बरेच पेशंट याच वयाचे पुरुष असतात.

उपाय आहेत. ब्युपिव्हकेनची मात्रा कमी ठेवता येते. क्लोरोप्रोकेनसारखं लवकर उतरणारं औषध वापरता येतं. सलाईन गरजेपुरतंच लावायचं, बाटल्यावर बाटल्या ओतायच्या नाहीत. स्पायनल यादीत सकाळी पहिलं घ्यायचं, म्हणजे उतरायला दिवस मिळतो. दुपारी तीनला स्पायनल आणि सहाला घर, हे गणित मला पटत नाही.

रात्री तीनदा उठावं लागतं, धार बारीक आहे, थेंब थेंब होते, असं काही असेल तर ते सांगायला संकोच करू नका. पुरुष ही गोष्ट बायकोसमोर किंवा सुनेसमोर बोलत नाहीत, आणि मग ती आम्हाला रात्री नऊला कळते. त्याच २०१८ च्या सूचनांमध्ये पासष्टीपुढच्या पेशंटसाठी स्पायनलपेक्षा लोकल किंवा पूर्ण भूल सुचवली आहे, तेव्हा "वय झालंय म्हणून अर्धीच द्या" हा आपल्याकडचा पक्का समज तपासून बघायला हवा.

पूर्ण भूल दिली आणि जागच आली नाही तर?

हे वाक्य कुजबुजत विचारलं जातं, म्हणून मोठ्याने उत्तर देते. निरोगी माणसात ठरवून केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनला पूर्ण भुलेचा जिवाला धोका फार फार कमी असतो. औषध एकदा देऊन आम्ही निघून जात नाही. क्षणाक्षणाला मॉनिटरवर ऑक्सिजन, बीपी, हृदयाचे ठोके आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बघत आम्ही तुमच्या डोक्याशी बसलेलो असतो. प्रोपोफॉलसारखी आजची औषधं लवकर उतरतात.

त्रास होतो तो बहुधा मळमळीचा, घसा खवखवण्याचा आणि दिवसभर सुस्त वाटण्याचा. बायका, विडी-सिगारेट न ओढणारे, आणि गाडी लागणारे लोक यांना उलट्यांचा त्रास जास्त. वरंधा घाटात तुम्हाला गाडी लागते का, हा प्रश्न मी गंमत म्हणून विचारत नाही. हो म्हणालात तर उलटीचं औषध आधीच देते, आणि भूल देण्याची पद्धतही बदलते.

कवळी, हलणारा दात, रात्री जोरात घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, घरात कोणाला भुलेची वाईट प्रतिक्रिया आलेली असणं, हे सगळं सांगा. घोरण्याबद्दल पेशंटला विचारून उपयोग नसतो, शेजारी झोपणाऱ्याला विचारावं लागतं.

बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचं काय करायचं?

स्वतःहून एकही गोळी बंद करू नका आणि स्वतःहून एकही चालू ठेवू नका. औषधांची पिशवी जशीच्या तशी घेऊन भुलेच्या तपासणीला या. ज्याला सगळे "फिटनेस आणायचाय" म्हणतात, तो कागद महत्त्वाचा नाही, ती भेट महत्त्वाची आहे.

साधारण असं: बीपीच्या बऱ्याच गोळ्या ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात. शुगरच्या बहुतेक गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या नसतात, आणि नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणाऱ्या गोळ्या तर काही दिवस आधीपासून थांबवाव्या लागतात. वजन-शुगरसाठी सेमाग्लुटाइड घेत असाल तर आवर्जून सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या चालू असतील तर स्पायनलमध्ये मणक्यात रक्त साचण्याचा धोका असतो. त्या किती दिवस थांबवायच्या आणि थांबवायच्या की नाही, हे हृदयाचे डॉक्टर, सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. स्टेंट असलेल्याने मनाने गोळी बंद करणं हर्नियापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. काढे, चूर्ण, वजनाची पावडरही पिशवीत टाका.

उपाशी किती वेळ राहायचं? लोकललाही?

हो, लोकललाही, कारण मध्येच पूर्ण भूल द्यावी लागू शकते. हलकं खाणं सहा तास आधी बंद. तळलेलं, मटण, जड जेवण आठ तास. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि ते प्यावं. रात्री दहापासून दुसऱ्या दुपारपर्यंत पाण्याविना ठेवलेला पेशंट कोरडा पडतो, चक्कर येते, शीर सापडत नाही.

चहा म्हणजे पाणी नव्हे. दूध घातलेला चहा खाण्यात मोजायचा, सहा तास. अर्धा कपसुद्धा.

आणखी एक, जे आपल्याकडेच होतं. "डॉक्टर, आज संकष्टी आहे, उपवासच आहे माझा," असं म्हणून पेशंट टेबलवर येतात, आणि सकाळी सातला साबुदाण्याची खिचडी आणि केळं झालेलं असतं. देवाचा उपवास आणि भुलेसाठी उपाशी राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसं झालं असेल तर लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून आम्ही रागावणार नाही. भुलेत पोटातलं अन्न फुप्फुसात गेलं तर मात्र अतिदक्षता विभागापर्यंत जावं लागतं.

तंबाखू, मिश्री, सिगारेट?

चार आठवडे आधी सोडली तर सर्वांत बरं. खोकला कमी होतो, आणि ऑपरेशननंतरचा खोकला हर्नियाच्या टाक्यांचा शत्रू आहे. ऑपरेशनच्या सकाळी तोंडात काहीही नको, मिश्रीसुद्धा नाही.

मी एकटाच येऊ का? स्कूटर रुग्णालयातच लावून ठेवतो.

नको. पूर्ण भूल किंवा गुंगीचं औषध मिळालं असेल तर २४ तास गाडी चालवायची नाही, कागदांवर सह्या करायच्या नाहीत, पैशाचे व्यवहार नकोत. स्वतःला जागं वाटतं, पण प्रतिसाद मंद असतो. बरोबर एक जाणतं माणूस न्यायला हवं आणि रात्री घरात हवं. मुलगा परदेशात आणि घरात दोघंच सत्तरीचे, असं पुण्यात आता कितीतरी घरांत आहे. तेव्हा शेजाऱ्यांना, भाच्याला आधी सांगून ठेवा, किंवा सरळ एक रात्र राहायचं ठरवा. एक रात्र राहिलात म्हणून ऑपरेशन फसलं असं होत नाही.

घर कुठे आहे हेही सांगा. कोथरूडहून आलेल्याला रात्री परत यायला वेळ लागत नाही. वेल्ह्याच्या वरच्या वाडीतून किंवा भोरच्या पलीकडून आलेल्याला लागतो. वाघोली, चाकणचं अंतर नकाशात थोडं दिसतं, संध्याकाळच्या गर्दीत ते दुप्पट होतं. गणपती विसर्जनाच्या आणि पालख्या शहरात असतात त्या दिवसांत मध्यवस्तीत गाडी आत-बाहेर निघणं अवघड होतं, त्या तारखा शक्यतो टाळा. जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहत असाल, जिना उभा असेल, तर स्पायनल आणि ब्लॉक निवडताना त्याचाही विचार करते. रिक्षाने जाताना पोटाशी उशी घट्ट धरा, गतिरोधकावर बरं पडतं.

२४ तास दाखल नसेन तर मेडिक्लेम मिळेल का?

विम्याच्या नियमांत 'डे केअर' उपचारांची वेगळी व्याख्या आहे: पूर्ण किंवा लोकल भुलेखाली, तंत्र सुधारल्यामुळे २४ तासांच्या आत होणारे, एरवी त्याहून जास्त काळ दाखल व्हावं लागलं असतं असे उपचार. त्यामुळे केवळ क्लेमसाठी रात्र काढायची गरज नसते, आणि "लोकल होतं म्हणून क्लेम नाही" असं त्या व्याख्येत कुठेही नाही. पण बऱ्याच पॉलिसींत हर्नियासाठी सुरुवातीची काही वर्षं वाट बघण्याची अट असते, ती आधी वाचा. कॅशलेसचा फॉर्म भरताना भुलेचा प्रकार लिहिलेला असतो, तो प्रत्यक्षात बदलला तर कागदांवरही बदलून घ्या.

आमच्या मुलाला हर्निया आहे. त्याला लोकल चालेल?

नाही, मुलांना पूर्ण भूल लागते. जोडीला माकडहाडापाशी एक इंजेक्शन देतात, तेही झोपल्यावर, म्हणजे उठल्यावर दुखत नाही. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात आणि मोठ्यांपेक्षा लवकर खेळायला लागतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, अजून काही महिन्यांचीच असलेली बाळं मात्र रात्रभर देखरेखीखाली ठेवावी लागतात, कारण भुलेनंतर त्यांचा श्वास मध्येच थांबू शकतो. आईचं दूध चार तास आधीपर्यंत चालतं.

गोळा एकदम कडक झाला, आत जात नाही, उलट्या होताहेत. तरी ठरलेल्या तारखेपर्यंत थांबू?

क्षणभरही नाही. लगेच निघा, काही खाऊ-पिऊ नका. आतडं अडकलं आहे. इथे डे केअर, लोकल वगैरे सगळे विचार बाजूला राहतात.

भूल उतरल्यावर किती दुखेल?

पहिले दोन दिवस उठता-बसता, खोकताना, शिंकताना चांगलंच. जागेवर लांब टिकणारं औषध दिलेलं असेल तर पहिले काही तास आरामात जातात, आणि तिथेच चूक होते. दुखत नाही म्हणून गोळी घेत नाहीत, रात्री अकराला एकदम ठणका सुरू होतो. दुखायच्या आधी पॅरासिटामॉल वेळेवर घ्या. दुसरी वेदनाशामक गोळी किडनी, अल्सर, दमा बघून देतात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

पहिल्यांदा उठताना एकट्याने उठू नका. लोकल किंवा ब्लॉकचं औषध कधी कधी मांडीच्या नसेपर्यंत झिरपतं. पाय दिसायला ठीक असतो, पण गुडघ्यात जोर नसतो आणि माणूस कोसळतो. काही तासांत ते उतरतं. मी प्रत्येक पेशंटला पलंगाच्या कडेला बसवून गुडघा सरळ करायला लावते, मगच उभं करते.

काही पेशंटना जांघेत महिनोन्महिने दुखणं राहतं. त्याचा संबंध भुलेपेक्षा तिथल्या नसांशी जास्त असतो. तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर सर्जनकडे परत जा, सहन करत बसू नका.

भूलतज्ज्ञांना आधी भेटता येतं का? भेटून काय विचारू?

येतं, आणि मागा. विचारा: माझ्यासाठी तुम्ही कुठली भूल सुचवता आणि का? ती लागली नाही तर पुढे काय कराल? लघवी कधी झाली पाहिजे? रात्री काही झालं तर फोन कोणाला? संमतीपत्रावर भुलेचा वेगळा भाग असतो, तो ऑपरेशनच्या दारात मावशी पेन पुढे करतात तेव्हा वाचायचा नसतो. आदल्या दिवशी मागून घ्या, घरी वाचा, घरच्यांशी बोला. मराठीत हवा असेल तर मराठीत मागा.

आणि तुम्हाला जागं राहायची भीती वाटते का, की झोपायची, हे मला सांगा. दोन्ही उत्तरं मी ऐकलेली आहेत. दोन्हींवर काहीतरी करता येतं.

घरी गेल्यावर कशासाठी फोन करायचा?

सहा-आठ तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट फुगलं. पट्टी रक्ताने भिजत चालली. अंडकोष झपाट्याने सुजला. थोडी सूज आणि काळंनिळं होणं चालतं, भराभर वाढणं नाही. उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही. पाय अजून बधिर आहेत किंवा बरे होऊन पुन्हा बधिर झाले. बसलं की डोकं फुटतं. ताप. दम लागणं, छातीत दुखणं, पोटरी दुखून सुजणं.

यातलं काहीही मध्यरात्री झालं तरी मध्यरात्रीच फोन करा. "डॉक्टर झोपले असतील, सकाळी बघू" म्हणून रात्रभर मूत्राशय तटतटलेलं ठेवून बसलेले आजोबा मी पाहिलेले आहेत. निघण्यापूर्वी नंबर बायकोच्या किंवा मुलाच्या फोनमध्येही टाकून घ्या, कारण तुमचा फोन तेव्हा चार्जिंगला लावलेला असतो. छाती किंवा श्वासाचा त्रास असेल तर आधी १०८.